बेनर्ली व्हायाडक्ट: पाडायचा होता, पण पाडणंच परवडेना

रुळावरून (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

इंग्लंडात डर्बीशायर आणि नॉटिंगहॅमशायर यांच्या हद्दीवर एरवॉश नावाची नदी आहे. नदी म्हणायची पद्धत. आपल्याकडे कुणी तिला ओढ्याच्या वर चढवणार नाही. पण तिच्या खोऱ्यावर १,४५२ फूट लांब आणि साठ फुटांहून थोडा उंच असा लोखंडी रेल्वेपूल उभा आहे, बेनर्ली व्हायाडक्ट. १८७८ च्या जानेवारीत त्यावरून गाड्या सुरू झाल्या, १९६८ मध्ये बंद झाल्या. मग रूळ उपटले, टोकाचा भराव हटवला आणि पूल पन्नासेक वर्षं तसाच अधांतरी उभा. २०२२ च्या जानेवारीत डागडुजी करून, वर नवा डेक घालून तो पायी आणि सायकलने जाणाऱ्यांसाठी खुला केला.

मी नॉटिंगहॅमला राहतो, म्हणून हा आमच्या अंगणातलाच. सोळा गाळे आहेत, म्हणजे दोन आधारांमधले टप्पे. प्रत्येक गाळ्याला जाळीदार गर्डर (लांब लोखंडी तुळया) आणि खाली पोकळ लोखंडी खांबांचे मनोरे. बाहेरचे खांब तिरके, पाय फाकून उभे असल्यासारखे. मनोऱ्यांच्या पायाला निळसर काळ्या विटांचे चौथरे. जवळ गेलात की एकेका जोडावरची रिव्हेटची (पत्रे जोडणाऱ्या लोखंडी खिळ्यांची) गर्दी बघून चक्कर येते. सगळं घडीव लोखंड (रॉट आयर्न), स्टील नाही. घडीव लोखंडाचे असे मोठे व्हायाडक्ट आता इंग्लंडात दोनच उरलेत, हा आणि डेव्हनमधला मेल्डन.

माझे दोन प्रश्न आहेत.

१. त्या काळात इंग्लंडात जिथे तिथे विटांच्या नाहीतर दगडाच्या कमानी. मग इथेच लोखंड का? 'खाली कोळशाच्या खाणी होत्या म्हणून' असं उत्तर मिळतं. ठीक. पण जमीन खचणार असेल तर लोखंडी पूल खचत नाही का?

२. रेल्वेला हा पाडायचा होता. पण घडीव लोखंड गॅस कटरने कापता येत नाही, एकेक रिव्हेट काढत बसावं लागेल आणि भंगाराच्या किमतीत ते परवडणार नाही, म्हणून वाचला म्हणतात. हे खरं की सांगोवांगी?

जाणकारांनी प्रकाश टाकावा.

टवाळ_विरारकर

पन्नास वर्षं एवढं लोखंड उघड्यावर पडून होतं आणि एक गर्डरही चोरीला गेला नाही? आधी हे समजवा, इंजिनियरिंग मागाहून बघू.

सायली_के

वाखुसा (वाचनखूण साठवली). फोटो टाका की राव!

घाटमाथा

पहिल्या प्रश्नाबद्दल लिहितो, पोटापाण्यासाठी पूल डिझाइन करतो म्हणून.

लोखंडी पूलही खचतोच. प्रश्न एवढाच की खचल्यावर पुढे काय होतं.

कमान नुसतं खाली वजन देत नाही, ती बाजूलाही रेटा देते. ओळीने कमानी असल्या की मधल्या खांबावर दोन्ही बाजूंनी सारखा रेटा येतो आणि तो एकमेकांत जिरतो. विरार लोकलच्या दारातल्या गर्दीसारखं आहे ते: प्रत्येक जण शेजाऱ्याच्या भरवशावर उभा, आणि एक जण हलला की चौघे हलतात. एक खांब दोन-तीन इंच खचला की त्याच्या दोन्ही बाजूंच्या कमानींचा आकार बिघडतो, कळीच्या भागात तडे जातात, पुढच्या खांबावर एकतर्फी रेटा येतो. म्हणून लांबलचक व्हायाडक्टमध्ये काही कमानींनंतर एक जाडजूड खांब मुद्दाम घालतात, पडझड तिथे अडावी म्हणून.

बेनर्लीसारख्या पुलात गर्डर दोन मनोऱ्यांवर नुसते टेकलेले असतात. एक मनोरा दोन इंच खाली गेला तर गर्डर थोडा कलतो, बस्स. त्याच्या पोटात काही फार मोठा ताण वाढत नाही. जॅक लावायचा, गर्डर उचलायचा, बेअरिंगखाली पॅकिंग सरकवायचं, पुन्हा गाडी सोडायची.

दुसरी गोष्ट वजनाची. सोळा गाळ्यांची लोखंडी जाळी आणि तेवढ्याच लांबीचं विटांचं बांधकाम यांच्या वजनात काही तुलनाच नाही. पोकळ झालेल्या जमिनीवर आधीच कमी वजन ठेवलं तर तीही कमी कुरकुरते.

तिरक्या खांबांचं कारण वारा. लोखंडी मनोरा हलका, म्हणून आडव्या वाऱ्याने उलटायची भीती जास्त. पाया रुंद केला की ती जाते.

मीरा_डर्बीकर

@घाटमाथा, छान समजावलंत. त्यात एक भर.

बेनर्लीपासून हाकेच्या अंतरावर, त्याच ग्रेट नॉर्दर्न रेल्वेने त्याच सुमारास गिल्टब्रुकचा व्हायाडक्ट बांधला. तो मात्र विटांचा, तब्बल ४३ कमानींचा. लोक त्याला 'फॉर्टी ब्रिजेस' म्हणायचे. म्हणजे कंपनीला विटांचं वावडं नव्हतं, फक्त एरवॉशच्या त्या पट्ट्यात विटांवर भरवसा नव्हता. आणि गंमत बघा, गिल्टब्रुक १९७३ मध्ये रस्त्यासाठी पाडून टाकला. वीट पाडायला सोपी. लोखंड राहिलं.

ही लाइन मुळात आली ती कोळशासाठीच. डर्बीशायरच्या कोळशावर मिडलंड रेल्वेची मक्तेदारी होती, ती मोडायला ग्रेट नॉर्दर्नने ही शाखा काढली. म्हणून तर बेनर्लीवर उभं राहिलं की पायाखालून मिडलंडची जुनी लाइन जाते. ती आजही चालू आहे आणि तिच्या डोक्यावरून उड्या मारत आलेली प्रतिस्पर्धी लाइन बंद पडली.

आमच्या डर्बीत याच लाइनवरचा फ्रायरगेटचा पूल आहे. तोही १८७८ चा, पण ओतीव लोखंडाचा, नक्षीदार, डर्बी शहराचं हरणाचं चिन्ह त्यात ओतलेलं. हँडीसाइड कंपनीचं काम. भर वस्तीत असल्याने गावकऱ्यांना आवडावा म्हणून एवढा नटवलाय. शेतातल्या बेनर्लीला कुणी नटवत बसलं नाही, आणि माझ्या मते तोच जास्त देखणा आहे.

चांदाकर

काय बावा, कोळशाचा विषय निघाला अन् चंद्रपूरवाल्यांनी गप्प बसायचं?

आमच्याकडं खाणीचं गणित लोकांना चांगलंच माहीत हाय. जमिनीखाली कोळसा काढताना मधे खांब सोडतात, ते वरचं छत धरून ठेवतात. शेवटी शेवटी ते खांबही काढतात, मग छत बसतं आणि त्याचा परिणाम हळूहळू वरपर्यंत येतो. शेतात बशीसारखा खड्डा पडतो, घराला तडे जातात, विहिरीचं पाणी निघून जातं. म्हणून रेल्वेच्या, मोठ्या रस्त्याच्या खाली खाणीवाल्यांना मनमानी करता येत नाही. आपल्याकडं कोळसा खाणींच्या नियमात रेल्वेपासून ४५ मीटरच्या आत परवानगीशिवाय काम करता येत नाही. कुठं कुठं पोकळीत वाळू भरून घेतात, वरची जमीन टिकावी म्हणून.

तर माझा सवाल: इंग्रजांनी खालचा कोळसा तेवढाच सोडायला सांगितला असता तर विटांचा पूलही चालला असता ना? एवढं डोकं चालवायची काय गरज होती?

कलमकसाई

@चांदाकर, सवाल अगदी मर्मावर आहे. उत्तर कायद्यात आहे.

इंग्लंडात १८४५ चा रेल्वेसंबंधी एक कायदा आहे. त्यानुसार रेल्वे कंपनी जमीन विकत घेते तेव्हा तिच्याखालचा कोळसा तिचा होत नाही, वेगळा विकत घेतला तरच होतो. खाणमालक रेल्वेच्या ४० यार्डांच्या आत कोळसा काढायला आला की त्याने आधी नोटीस द्यायची. रेल्वेला वाटलं की हा कोळसा राहू दे, तर रेल्वेने त्याला नुकसानभरपाई मोजायची. नाही मोजली तर तो खुशाल काढणार.

म्हणजे पुलाखालचा आधार रेल्वेला विकत घ्यावा लागे, तोही भर खाणपट्ट्यात. खचलं तरी सावरता येईल असा पूल बांधणं हा त्यावरचा एक उपाय. ग्रेट नॉर्दर्नच्या संचालकांनी नेमका काय हिशोब मांडला ते मी बघायला गेलो नव्हतो, पण मी त्यांचा वकील असतो तर हाच सल्ला दिला असता आणि बिल वेगळं लावलं असतं.

चांदाकर

म्हंजे वर रेल्वेचं, खाली खाणमालकाचं, अन् मधे पूल लटकलेला. पटलं.

नाद_खुळा_कोल्हापूर

या पुलावर बॉम्ब पण पडलेत हे कुणीच सांगितलं नाही?

पहिलं महायुद्ध, ३१ जानेवारी १९१६ ची रात्र. जर्मनीची नऊ झेपेलिन, म्हणजे अजस्र फुग्यासारखी हवाई जहाजं, लिव्हरपूल गाठायला निघाली आणि रस्ता चुकून मिडलंड्सवर भरकटली. त्यातल्या एल-२० ने बेनर्लीच्या आसपास बॉम्ब टाकले. खालच्या मिडलंड लाइनचं नुकसान झालं, आमच्या भिडूला ओरखडाही नाही. जाळीदार पुलाला स्फोटाचा धक्का अंगावर घ्यायला भिंतच नाही ना! ते झेपेलिन पुढं तीन महिन्यांत नॉर्वेच्या किनाऱ्यावर मोडून पडलं. पूल अजून उभा. विषय हार्ड.

टवाळ_विरारकर

लिव्हरपूलला निघाले आणि बेनर्लीशेजारच्या इल्केस्टनला पोचले. आमचा रिक्षावाला असाच नेतो, पण तो जाणूनबुजून.

वेल्डिंगवाले_अण्णा

दुसऱ्या प्रश्नावर कुणी बोललंच नाही, म्हणून मी बोलतो. चाळीस वर्षं गॅस कटर हातात धरलाय.

'घडीव लोखंड कापताच येत नाही' हे पूर्ण खरं नाही. कापता येत नाही ते बीड, म्हणजे ओतीव लोखंड. त्यात कार्बन भरपूर. ते ऑक्सिजनमध्ये जळण्याआधीच वितळतं आणि तुकड्याला धड कड येत नाही. घडीव लोखंडात कार्बन अगदी कमी, त्यामुळे तत्त्वतः ते स्टीलसारखं कापायला हवं. पण हे लोखंड बनायचं कसं? भट्टीत ढवळून ढवळून त्याचा गोळा करायचा, घणाखाली ठोकायचा, लाटायचा. त्यात भट्टीतली मळी राहून जाते आणि लाटताना तिचे लांब धागे होतात. तुटलेला तुकडा बघितलात तर लाकडासारखे तंतू दिसतात. कटरची ज्योत त्या मळीच्या धाग्यांशी आली की अडखळते. काप वेडावाकडा होतो, वेग मंदावतो, गॅस पाण्यासारखा जातो.

त्यात हा पूल म्हणजे शेकडो बारीक पट्ट्यांची जाळी, प्रत्येक जोडावर दोन-तीन पत्रे एकावर एक. थरांच्या मधे गंज आणि रंग. अशा थप्पीतून ज्योत एका थरातून दुसऱ्यात नीट जात नाही. शिवाय खाली नदी आणि चालू रेल्वे. तुकडे टाकून द्यायची सोय नाही, प्रत्येक तुकडा क्रेनला बांधून उतरवायचा.

त्यामुळे मी असं म्हणेन: कापणं अशक्य नव्हतं, पण भंगाराच्या भावात बसत नव्हतं. ठेकेदाराने साहेबाला समजावत बसण्यापेक्षा 'कापतच नाही' सांगून मोकळं होणं सोपं.

घाटमाथा

अण्णा, दंडवत. हे कुठल्या पुस्तकात मिळत नाही.

एक पुरवणी जोडतो. आयफेल टॉवरसुद्धा याच जातीच्या घडीव लोखंडाचा आहे, १८८९ चा. ब्रिटनमध्ये पुलांना स्टील वापरायची सरकारी मुभाच मुळी १८७७ मध्ये मिळाली. बेनर्ली तेव्हा जवळजवळ बांधून झालेला. थोडा उशीर केला असता तर कदाचित स्टीलचा झाला असता, आणि मग अण्णांसारख्या कुणी १९७० च्या दशकात सहज कापून नेला असता.

वेल्डिंगवाले_अण्णा

नेलाच असता. भाव चांगला होता तेव्हा.

स्पष्टवक्ता_सदाशिवपेठ

एवढं कौतुक चाललंय म्हणून थोडं गार पाणी ओततो.

व्हिक्टोरियन काळात जे बांधलं ते टिकलं, अशी एक गोड समजूत आहे. टिकलं ते आपल्याला दिसतं आणि जे पडलं ते दिसत नाही, इतकंच. बेनर्ली उभारून दोन वर्षं होत नाहीत तोच, २८ डिसेंबर १८७९ रोजी, स्कॉटलंडातला टे नदीवरचा पूल गाडीसकट वादळात कोसळला. त्याचे खांब बीडाचे. तिरप्या ताणपट्ट्या ज्या कानांना (खांबाबाहेर आलेल्या टोकांना) बांधल्या होत्या ते कान बीडाच्या खांबातच ओतलेले, ते तडकले. थॉमस बाउच नावाच्या साहेबाचं काम होतं. त्याच बाउचने उत्तर इंग्लंडातल्या बेला नदीवरचा लोखंडी व्हायाडक्ट १८६० मध्ये बांधला होता. तो शतकभर नीट चालला आणि १९६३ मध्ये भंगारात गेला. तेव्हा साहेब एकच, नशिबं दोन.

आणि लांब कशाला जायचं? आपल्या बोरघाटातला महू-की-मळीचा दगडी व्हायाडक्ट १९ जुलै १८६७ ला आख्खा ढासळला. लाइन सुरू होऊन चार वर्षं झाली होती. तिथे खाण नव्हती की झेपेलिन नव्हतं. बांधकामच कच्चं होतं, आणि त्यानंतर घाटातलं बाकीचं दगडी कामही तपासून दुरुस्त करावं लागलं.

तेव्हा जुनं ते सोनं वगैरे जरा बेताने.

नाना_ठाणेकर

@स्पष्टवक्ता, मुद्दा मान्य, पण सूर जरा खाली घ्या. बोरघाटाचं काम सोपं नव्हतं हो. पावसाळ्यात काम बंद, पटकीच्या साथी, १८६१ च्या सुमाराला एका वेळी ४२,००० च्या घरात मजूर. पहिला ठेकेदार फॅव्हियेल. त्याच्या वेळी मजुरीवरून दंगल झाली, त्याने काम सोडलं. दुसरा सॉलोमन ट्रेडवेल. तो इथे उतरला आणि काही दिवसांतच वारला. मग त्याच्या बायकोने, अ‍ॅलिस ट्रेडवेलने ठेका आपल्या हाती ठेवला, अ‍ॅडमसन आणि क्लाउजर या दोघांना व्यवस्थापक नेमलं आणि घाट पुरा करून दिला. १८६३ मध्ये लाइन सुरू झाली.

सायली_के

नाना, हे मला अजिबात माहीत नव्हतं! खंडाळ्याच्या बोगद्यातून किती वेळा गेलेय. अ‍ॅलिसबाईंवर वेगळा धागा काढा ना प्लीज.

नाना_ठाणेकर

काढतो सवडीने. आधी या धाग्यावरचं माझं काम पुरं करतो.

मी रेल्वेत पूल तपासणीच्या खात्यात होतो. रुळावरून यांनी रिव्हेटची गर्दी लिहिली म्हणून सांगतो. रिव्हेट सैल आहे का हे बघायला यंत्र लागत नाही. एका हातात हलकी हातोडी, शंभर-सव्वाशे ग्रॅमची. दुसऱ्या हाताचं बोट रिव्हेटच्या डोक्याच्या एका कडेला, निम्मं डोक्यावर आणि निम्मं पत्र्यावर. विरुद्ध बाजूने टिचकी मारायची. रिव्हेट पक्का असला तर बोटाला काही कळत नाही. सैल असला तर बोटाला थरथर जाणवते आणि आवाजही बद्द येतो. सैल रिव्हेटच्या भोवती तांबूस गंजाचं पाणी ओघळलेलं असतं, ते आधी डोळ्याला दिसतं. एका गर्डरला किती रिव्हेट ते मोजू नका, जेवण जाणार नाही.

रिव्हेट बसवणं त्याहून मजेचं. एक जण भट्टीत तापवायचा, चिमट्याने फेकायचा, वरचा डब्यात झेलायचा आणि भोकात घालायचा, मागून एक जण जड लोखंडी टेकण लावून दाबून धरायचा, समोरचा ठोकून डोकं घडवायचा. रिव्हेट निवताना आकसतो आणि पत्रे एकमेकांना कवटाळतात. तिथेच त्याची ताकद. बोल्टचं तसं नसतं.

बेनर्लीच्या दुरुस्तीत त्यांनी जुने रिव्हेट किती राखले, बोल्ट किती घातले, हे कुणी जवळून पाहिलंय का?

रुळावरून

नाना, जवळून पाहायचं म्हणजे खालच्या वाटेवरून मान वर करून. मनोऱ्यांच्या जोडांवर बहुतेक ठिकाणी गोल डोकीच दिसतात. डेकच्या बाजूला नवीन कामात षटकोनी बोल्ट आहेत. रंगाचे पापुद्रे निघालेत तिथे खाली लोखंड खवल्यांसारखं सुटलेलं दिसतं, थर थर. अण्णांनी लिहिलेले तंतू बहुतेक तेच. स्टीलचा गंज असा दिसत नाही.

खांब नळीसारखे पोकळ आहेत, त्यांच्या आतल्या बाजूचं काय हा मलाही प्रश्न आहे.

प्रॅक्टिकल_पाटील

सगळं वाचलं. छान आहे. आता कुणालाच न आवडणारा प्रश्न विचारतो: पैसा कुणाचा?

गाडी जात नाही. पुलाला रंग लागतो, तपासणी लागते, विमा लागतो. दर काही वर्षांनी खर्च. तेवढ्या पैशात दोन गावांत सायकलचा साधा रस्ता होतो. आपल्याकडे घाटातला अमृतांजन पूल एप्रिल २०२० मध्ये, लॉकडाउनमध्ये, स्फोटकं लावून पाडला. १८३० चा होता. एक्स्प्रेसवेवर त्याच्या खांबांमुळे कोंडी आणि अपघात होत होते. मला विचाराल तर बरोबर केलं.

मीरा_डर्बीकर

@प्रॅक्टिकल_पाटील, अमृतांजनचं उदाहरण इथे लागू नाही. तो पूल कुणाच्या तरी जिवावर उठला होता. बेनर्लीखालून रेल्वे आरामात जाते, नदी आरामात जाते, गुरं चरतात.

पैशाचं म्हणाल तर पाडायलाही पैसा लागतोच, आणि तो परत मिळत नाही. हा पूल 'रेल्वे पाथ्स' नावाच्या धर्मादाय संस्थेकडे आहे. स्थानिक लोकांनी 'फ्रेंड्स ऑफ बेनर्ली व्हायाडक्ट' नावाचा गट काढला, हिस्टॉरिक इंग्लंडने मदत दिली. २०२० मध्ये वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडाच्या यादीत नाव आलं, तेव्हा बाहेरूनही लक्ष गेलं. रविवारी जाऊन बघा, खाली सायकली, वर बाबागाड्या.

स्पष्टवक्ता_सदाशिवपेठ

आणि सरकारी डोकं चालतं तेव्हा काय होतं तेही सांगा की मीराताई. कंब्रियातल्या ग्रेट मसग्रेव्हचा किस्सा.

बंद पडलेल्या लाइनवरचे तीन हजारांहून जास्त पूल, बोगदे वगैरे तिथल्या सरकारी महामार्ग कंपनीकडे सांभाळायला आहेत. त्यांनी २०२१ मध्ये ग्रेट मसग्रेव्हच्या १८६२ च्या दगडी कमानीखाली सरळ खडी आणि काँक्रीट ओतून ती बुजवून टाकली. कारण काय, तर सुरक्षितता. लोक भडकले. स्थानिक परिषदेने मागाहूनची परवानगी नाकारली. २०२३ मध्ये त्याच कंपनीला ते सगळं काँक्रीट पुन्हा उकरून काढावं लागलं. भरायचा खर्च एकदा, काढायचा खर्च दुसऱ्यांदा.

टवाळ_विरारकर

हे तर आपल्या मनपाचे रस्ते! आधी डांबर, मग पाइपलाइन.

प्रॅक्टिकल_पाटील

मसग्रेव्हचं मूर्खपण मान्य. पण बेनर्लीबद्दल माझं मत बदलत नाही. मोडायला महाग म्हणून ठेवला आणि आता त्याला वारसा म्हणतात. आपल्या गल्लीतली पडकी चाळही त्याच न्यायाने वारसा होते.

घाटमाथा

पाटील, इथे तारखा बघा. बेनर्ली १९७४ मध्येच संरक्षित यादीत गेला, तोही वरच्या श्रेणीत. नुसतं परवडत नाही म्हणून ढकलत ठेवला असं नाही. पाडायला परवानगी मागितली तेव्हा जाहीर चौकशी झाली आणि ती नाकारली गेली. ठेकेदारांच्या महागड्या आकड्यांनी वेळ मिळवून दिला हे खरं, पण निर्णय माणसांनी घेतला.

आणि चाळीत आणि यात फरक असा की जाळीदार गर्डर आणि लोखंडी मनोरे अशी ही बांधणी त्या काळात कितीतरी ठिकाणी होती. वेल्समधला क्रमलिन २०० फूट उंच होता, १८५७ चा. १९६० च्या दशकात पाडला. बेला गेला. आता शिकवायला दाखवायचं म्हटलं तर दोनच. मेल्डन तर मुळात एकेरी लाइनचा, १८७४ चा. दुपदरी करायची वेळ आली तेव्हा १८७९ मध्ये त्याला चिकटून दुसरा उभा केला. जोडपूल बघायचा असेल तर डार्टमूरच्या कडेला जा. १५१ फूट उंची आहे, टोपी सांभाळा.

कलमकसाई

दीडशे वर्षांपूर्वी वसईच्या खाडीवर बीबीसीआय (बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया) रेल्वेने जे पूल घातले तेही लोखंडीच. कर्नल केनेडीने सगळीकडे ६० फुटांचे एकसारखे वॉरेन गर्डर (त्रिकोणांच्या जाळीचे) ठरवून टाकले आणि खाली गाळात स्क्रूसारखे फिरवून घुसवलेले बीडाचे खांब. भाग एकसारखे, इंग्लंडहून जहाजाने आणायचे आणि इथे जोडायचे. तिथे खाण नव्हती, पण तळाचा भरवसा नव्हता, म्हणून विचार त्याच दिशेने गेला: हलकं ठेवा आणि सुटे भाग ठेवा. ते पूल आज नाहीत.

टवाळ_विरारकर

भाईंदर-नायगावमधला वापरातून गेलेला जुना पूल तो हाच का? लोकलच्या दारातून रोज दिसायचा.

कलमकसाई

नाही, तो त्याच्या नंतरचा. विसाव्या शतकातला.

नाना_ठाणेकर

थळ घाटात इगतपुरीकडे चढताना एहेगावचा व्हायाडक्ट आहे. तिथेही मूळ बांधणीत मध्ये लोखंडी गर्डर आणि दोन्ही टोकांना दगडी कमानी. खोल दरीत कमान उभारायची म्हणजे खालपासून लाकडी साचा उभा करावा लागतो, एवढ्या उंचीवर ते जिवावर येतं. लोखंड निवडायला खाणच हवी असं नाही, एवढंच सांगायचं होतं.

रुळावरून

पहिल्या प्रश्नाचं उत्तर मिळालं, दुसऱ्याचंही अण्णांकडून मिळालं. खाण, कायदा, वजन आणि कटर असे चार धागे इथे एकत्र येतील असं वाटलं नव्हतं.

पाटील, तुमच्या प्रश्नावर माझं मत: पूल नुसता वारसा म्हणून उभा राहिला असता तर मीही कुरकुरलो असतो. आता त्यावरून इल्केस्टन बाजूची माणसं ऑसवर्थ बाजूला चालत जातात, ते मला पुरेसं आहे.

कुणी येणार असाल तर नॉटिंगहॅमहून इल्केस्टनची गाडी पकडा. स्टेशन २०१७ मध्ये नव्याने सुरू झालंय. तिथून चालत या. वर गेल्यावर मिडलंड लाइनच्या बरोबर डोक्यावर थांबा, खालून गाडी जाते तेव्हा डेकला काहीही जाणवत नाही. हिवाळ्यात कानटोपी आणा. वारा तिरक्या खांबांना काही करत नाही, आपल्याला करतो.

प्रॅक्टिकल_पाटील

येईन. पण पार्किंग फुकट आहे का ते आधी सांगा.

वेल्डिंगवाले_अण्णा

रुळावरून, एक काम करा. पुढच्या खेपेला गळून पडलेला एखादा खवल्याचा तुकडा मिळाला तर जवळून फोटो काढा, कड नीट दिसेल असा. तंतू किती जाड आहेत त्यावरून लोखंड किती वेळा लाटलंय याचा अंदाज लागतो. पुलावरून ओरबाडू मात्र नका, तो संरक्षित आहे.

टवाळ_विरारकर

बघा, चोरीचा विषय शेवटी आलाच.